मंडळाने केलेलं मावशीचं समाधान

बडोद्यातल्या मराठी माणसांची खरी परंपरा कोणती, असं मला कुणी विचारलं तर मी एका शब्दात सांगेन: अर्ज. आमचे पणजोबा-खापरपणजोबा इथे संस्थानच्या नोकरीला आले. कुणी कारकून, कुणी मुनसफ, कुणी वकील, कुणी दफ्तरात कागद लावणारा. आमच्या निम्म्या घरांच्या भिंतींवर अजून पगडीतला एक करारी गृहस्थ लटकलेला असतो, आणि त्याने आयुष्यभर केलेलं काम म्हणजे इतरांच्या अर्जांवर शेरे मारणं. शेजारच्या पन्हळीचं पाणी आपल्या अंगणात पडलं, तर शेजाऱ्याशी बोलण्याआधी आमच्या माणसाने दौत शोधली असणार. झाडाखाली बसून पंचांकरवी भांडण मिटवणं आमच्यात कधी नव्हतं. ते आमच्या लोकांना गावठी वाटायचं.

त्यामुळे आमच्या मंडळाने "मध्यस्थीची आपली प्राचीन परंपरा" पुन्हा सुरू करायचं ठरवलं, तेव्हा ही परंपरा बंद कधी पडली होती हे मला समजेना. ती सुरू कशी होणार होती, हे मात्र लगेच समजलं. अनुदान मिळणार होतं.

बाहेरच्या एका बड्या संस्थेची योजना होती. कोर्टात खटले वर्षानुवर्षं पडून राहतात, माणसं खेटे घालून पिचतात. तेव्हा प्रत्येक समाजाने आपली भांडणं आपल्याच वडीलधाऱ्यांसमोर, आपल्याच भाषेत, आपल्याच रीतीने मिटवावीत आणि त्यासाठी संस्थेने पैसे द्यावेत. "संस्कृतीत रुजलेली लोकमध्यस्थी" असं तिचं नाव. खरं सांगायचं तर कागदावर मला त्यात खोट दिसली नाही. कोर्टाबद्दल मला काही प्रेम नाही. तिथल्या बाकांवर बसून तरुणाचे म्हातारे झालेले लोक मी पाहिलेत. पण अनुदान आलं आणि पहिलं काय झालं, तर ज्या हॉलमध्ये हळदीकुंकू आणि वधूवर मेळावे होत असत, त्या हॉलला एसी बसला.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक काका. राहायला गोत्रीला, सगळ्यांशी गोड, कुणाच्याही लग्नात पहिल्या पंगतीला. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"तुमच्या घरात पत्रकं पिकतात. मध्यस्थी केंद्राचं पत्रक तूच लिही."

हे बाकी खरं. माझे वडील कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं आमच्या स्वयंपाकघरात लिहिली जायची. मला "निषेध" हा शब्द "नमस्कार"च्या आधी वाचता आला. मी दोन दिवसांत मजकूर लिहून नेला. पहिली ओळ होती, "भांडण तुमचं, हक्क तुमचा, निकालही तुम्हाला पटेल असाच."

काकांनी चष्मा वर-खाली करत वाचलं. "फक्कड. फक्त तो 'हक्क' काढ."

"का?"

"जरा कडक वाटतं गं. आपल्या संस्कृतीत 'मान' म्हणतात. 'मान तुमचा' लिही."

"काका, मान समोरच्याने द्यावा लागतो. हक्क आपला असतोच."

"पत्रक मागितलंय, भाषण नाही."

सगळे हसले. मी मजकूर घडी करून पिशवीत ठेवला आणि बैठकीत बसून राहिले, कारण पुढचा विषय सोडवत नव्हता. केंद्रावर संस्थेने नेमलेला एक तरुण अधिकारी होता. गुजराती, फार नम्र, चांगलं मराठी बोलू पाहणारा. तो म्हणाला, "काका, मुळं दिसली पाहिजेत. फोटोमध्ये दिसली पाहिजेत." मग मुळं कशी दाखवायची यावर तासभर चर्चा झाली. गाद्या ठरल्या. तक्के ठरले. समई ठरली. मध्यस्थांना पगड्या ठरल्या, आणि त्या नाटकांना पोशाख भाड्याने देणाऱ्याकडून आणायच्या असंही ठरलं. आणखी एक नियम झाला, केंद्रात दोन्ही बाजूंनी शुद्ध मातृभाषेतच बोलायचं. गुजरातीची, हिंदीची भेसळ करायची नाही. बडोद्यात राहून! ज्यांची नातवंडं आजोबांना "दादा, चालो ने" म्हणतात, त्या लोकांनी हा नियम एकमताने केला. तेव्हा मी तो हसण्यावारी नेला. पुढे त्याच नियमाने माझ्या मावशीची खोली जायची वेळ आली.

माझी मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, शहराच्या वाडी भागात राहते. काका, म्हणजे तिचे यजमान, वारले त्याला बरीच वर्षं झाली. घर सासऱ्यांच्या नावावरचं, वाटण्या न झालेलं. वरच्या मजल्यावर तिच्या मोठ्या दिरांचं कुटुंब, खाली मावशी. तिची पुढची खोली थेट रस्त्यावर उघडते. त्या खोलीत तिचं शिलाई मशीन आहे आणि त्यावर ती शिवलेल्या नऊवारी तयार करते, पायजम्यासारख्या पायात चढवायच्या, काष्टा आधीच बसवलेला. गणपतीत आणि पाडव्याला मराठी पोरी येतात, शाळांच्या स्पर्धांच्या दिवसांत गुजराती पोरी येतात. "मासी, पडवानी नहीं ने?" असं विचारत त्या खोलीत उड्या मारून बघतात. मावशी सुया तोंडात धरून म्हणते, "तू पडशील, साडी नाही पडणार."

मोठ्या दिरांना ती खोली हवी होती. मुलाला मोबाइलच्या कव्हरांचं दुकान काढून द्यायचं होतं. मावशीने मशीन उचलून मागच्या अंधाऱ्या खोलीत न्यावं, गिऱ्हाइकांनी गल्लीतून वळसा घालून, मोरीजवळच्या दाराने यावं. मावशीच्या भाषेत, "म्हणजे येऊच नये." रस्त्यावरचं दार गेलं की तिचं काम गेलं, हे तिला पक्कं माहीत होतं. काम गेलं की पुढे जेवणाचं ताट कुणाच्या हातून येणार आणि ते देताना काय ऐकवलं जाणार, हेही.

ती वकिलाकडे जाऊन आली. ही बातमी अर्थातच मंडळात पोचली. अध्यक्षकाका स्वतः वाडीत येऊन गेले.

"घरची भानगड कोर्टात? अहो, आपण काय रस्त्यावरचे लोक आहोत का? आपलं केंद्र कशासाठी आहे?"

मावशी म्हणाली, "तिथे माझं ऐकतील?"

"तुमचंच तर ऐकायचंय!"

केंद्राकडे तोवर एकही भांडण आलेलं नव्हतं. समई रोज पुसली जात होती, पगड्यांचं भाडं चालू होतं, आणि मिटवायला काही नव्हतं. मावशी म्हणजे त्यांना लॉटरी लागली होती. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "लागू दे त्यांना लॉटरी. मला कुणीतरी ऐकलेलं पाहिजे."

बैठकीला प्रत्येक बाजूला एक घरचं माणूस नेता येत होतं, म्हणून मी गेले. गादीवर तीन मध्यस्थ होते. मधे अध्यक्षकाका, एका बाजूला निवृत्त शिक्षिका बाई, दुसऱ्या बाजूला मंडळाचे खजिनदार. बाईंना पगडी कशी घालणार, हा प्रश्न त्यांनी मोगऱ्याचा गजरा देऊन सोडवला होता. खजिनदारांची पगडी मोठी होती आणि ते मान हलवतील तशी ती कानांवर उतरत होती. दरवेळी ती सावरताना त्यांच्या चेहऱ्यावर एक न्यायाधीशी भाव यायचा, हा तिचा फायदा.

आधी मोठे दीर बोलले. थोडंच बोलले. मोठ्या माणसाला घरात शब्द असतो की नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. तिघांनीही माना डोलावल्या, पगडी उतरली, सावरली गेली.

मग मावशी बोलली. बराच वेळ बोलली. यजमान गेल्यावर पहिल्या महिन्यात वरून डबा यायचा आणि एक दिवस न सांगता बंद झाला, तिथपासून. मशीन कसं घेतलं, पहिली साडी कशी फसली, गुडघे कधीपासून दुखतात, पुतण्याला तिनेच कसं अक्षर शिकवलं. रोज गिऱ्हाइकांशी अर्धं गुजराती बोलणारी बाई, पण नियम होता म्हणून ती एकेक शब्द जपून, घरचं मराठी बोलली. मी तिला इतकं सलग बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. शिक्षिका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खोटं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे मी या लोकांबद्दल बरं काही लिहिणार नाही.

चहा आला. मावशीने बशीत ओतून घेतला, दोन घोट प्यायली, पदराने कपाळ पुसलं. त्या नम्र तरुणाने पुढे वाकून हसत विचारलं, "मग मावशी, समाधान झालं ना?"

मावशी म्हणाली, "हो. समाधान झालं बाई."

आणि हॉलमध्ये टाळ्या वाजल्या.

ज्यांना गुजराती येत नाही त्यांच्यासाठी सांगते. मराठीत समाधान म्हणजे मन शांत होणं. गुजरातीत समाधान म्हणजे तडजोड, भांडण मिटणं, दोन्ही बाजूंनी मान्य करणं. त्या मुलाने गुजरातीतला शब्द मराठी वाक्यात ठेवून विचारला. मावशीने मराठीतला शब्द ऐकला. इतक्या वर्षांनी सगळं बोलायला मिळालं, चहा गरम होता, मन हलकं झालं, म्हणून ती हो म्हणाली. बाजारात गुजराती भाजीवालीने विचारलं असतं तर तिला दुसरा अर्थही तत्काळ कळला असता. पण तिथे शुद्ध मराठीचा नियम होता आणि तिने तो पाळला होता. तिने एकटीनेच.

त्या मुलाची मी चूक धरत नाही. त्याची भाषा ती. पण गादीवरच्या तिघांना दोन्ही भाषा येत होत्या. जन्म या शहरात गेलाय त्यांचा. मावशी कोणत्या भाषेत बोलली हे त्यांना ठाऊक होतं, तरी त्यांनी तिला गुजरातीत ऐकलं, कारण गुजरातीत ऐकलं की काम संपत होतं. पेढे आधीच आणून ठेवले होते. पेढे आधी आणून ठेवलेल्या ठिकाणी न्याय कसा होतो हे मला त्या दिवशी कळलं. अध्यक्षकाकांनी मावशीच्या हातात पेढा दिला, दिरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, फोटो निघाला. फोटोत मावशी गोंधळलेली दिसते. बघणाऱ्याला ती भारावलेली वाटते.

"हे टाळ्या कशाला वाजवतायत?" तिने मला विचारलं.

मी म्हणाले, "मावशी, त्यांच्या मते तू खोली सोडलीस."

"हॅ! मी कुठे सोडली?"

मी उभी राहून तेच मोठ्याने सांगितलं. पण फोटोसाठी सगळे उठले होते, आणि अध्यक्षकाका माझ्या खांद्यावर थोपटत म्हणाले, "झालं गं आता. गोड झालंय, कडू करू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे दीर, मुलगा आणि एक सुतार खाली आले. सुताराने दाराची मापं घेतली. पुतण्या मशीन उचलायला वाकला.

"हात लावू नकोस," मावशी म्हणाली.

"अगं, काल समाधान झालं ना चार लोकांत!"

"माझं झालं होतं, भावोजी. आत्ता तेही उडालं."

सुतार फूटपट्टी घडी करून बाहेर जाऊन उभा राहिला. दिरांनी आवाज चढवला. चारचौघांत दिलेला शब्द, समाजाची इज्जत, पेढा खाल्लास तो कशाचा. मावशी मशीनवर बसली आणि एक अर्धवट शिवलेली साडी सुईखाली घेऊन पाय मारू लागली. ती साडी तिने नंतर उसवली, टाके सगळे वाकडे गेले होते. पण मशीन चालू असेपर्यंत ते कुणाला उचलता आलं नाही.

दुपारी आम्ही दोघी केंद्रात गेलो. मी सांगितलं, शब्दाचा घोटाळा झालाय, बैठक पुन्हा घ्या. शिक्षिका बाई खाली बघत होत्या. खजिनदार डोक्यावर काही नसतानाही हाताने काहीतरी सावरत होते.

अध्यक्षकाका म्हणाले, "पुढच्या आठवड्यात संस्थेची माणसं येतायत. हे आपलं पहिलं समाधान. आता मागे कसं जायचं?"

"मावशीने काय म्हटलं होतं ते तुम्हाला कळलं होतं की नाही, एवढंच सांगा."

"शब्दांचा कीस काढणं हे कोर्टाचं काम. आपल्याकडे भावना बघतात."

"मग तिची भावना बघा. समोर बसलीये."

काकांनी मावशीकडे पाहिलं. अतिशय मायेने पाहिलं. "अहो ताई, मागची खोली मंडळातर्फे रंगवून देऊ. पंखा लावून देऊ. मोठ्यांचा मान राहू दे. तुमचाही मान राहतोय."

तेव्हा मला माझ्या पत्रकातून "हक्क" का निघाला ते पुरतं कळलं. हक्क असता तर तो कुणाचा, हे ठरवावं लागलं असतं. मानाचं तसं नाही. तो सगळ्यांना थोडाथोडा वाटता येतो, प्रसादासारखा, आणि वाटून झाल्यावर खोली ज्याला हवी होती त्याच्याकडेच राहते. यांनी रुजवलेल्या संस्कृतीचं मूळ शोधत गेलं तर ते एवढंच निघतं, की घरातल्या मोठ्या पुरुषाला नाही म्हणायचं नाही. यासाठी गाद्या-तक्क्यांची गरज नव्हती. हे काम घराघरांत फुकट चाललेलं आहे.

मावशी उठली. "ऐकून घेतलंत, उपकार झाले," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि त्यामुळेच बाईंनी मान आणखी खाली घातली.

तिथून आम्ही वकिलाकडे गेलो. हा वकील काही नायक नव्हता. सारखा फोनवर, मावशीच्या सासऱ्यांचं नाव त्याने तीनदा चुकीचं लिहिलं. पण त्याने एक प्रश्न विचारला जो केंद्रात कुणीही विचारला नव्हता. "घरात तुमच्या मिस्टरांचा हिस्सा होता ना?"

"होता."

"मग तो आता तुमचा. वाटणीचा दावा लावू, आणि तोवर खोलीला कुणी हात लावू नये म्हणून मनाई मागू."

मावशी रस्त्यात मला म्हणाली, "इतकं सोपं होतं?" सोपं नव्हतंच. कोर्टात खेटे घातले. कधी साहेब रजेवर, कधी दिरांचा वकील गैरहजर, कधी आमचाच. लाकडी बाकावर मावशी पिशवीतून साडी काढून हातशिलाई करत बसायची आणि पट्टेवाला तिच्याकडे संशयाने बघायचा. मंडळातून निरोप यायचे. एका बाईंनी मला बाजारात गाठून सांगितलं, "तुझ्या मावशीमुळे आपल्या समाजाचं नाव खराब होतंय ने." मी म्हणाले, "समाजाला सांगा, नाव नव्याने भाड्याने आणा." त्या माझ्याशी आजही बोलत नाहीत. बरंच आहे.

मनाईच्या अर्जावर सुनावणी झाली त्या दिवशी न्यायाधीशांनी कागद चाळले आणि मावशीकडे बघून गुजरातीत विचारलं, घरचा मामला आहे, मध्यस्थीला जायचं आहे का?

मोठे दीर चटकन म्हणाले, "हा साहेब, तैयार छीए."

मावशी उभी राहिली. दोन्ही हात जोडले. तिथे तिला कुठल्या भाषेत बोलायचं हे कुणी बजावलं नव्हतं, तेव्हा ती रोजच्या, गिऱ्हाइकांशी बोलायच्या गुजरातीत बोलली.

"जई आवी, साहेब. हवे चुकादो जोइए."

जाऊन आले, आता निकाल पाहिजे. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी दोन्ही वकिलांना थोडं बोलू दिलं, आमच्या वकिलाने सासऱ्यांचं नाव या वेळी बरोबर घेतलं, आणि हुकूम झाला: दाव्याचा निकाल लागेपर्यंत खोलीची स्थिती जैसे थे ठेवावी.

निकाल कधी लागेल कोण जाणे. मी तिला म्हणाले, "मावशी, वर्षं लागतील."

"लागू देत. तोवर दार माझ्याकडे आहे ने?"

परवा मी वाडीत गेले तेव्हा ती एका उंच मुलीला शिवलेली नऊवारी पायात कशी चढवायची ते दाखवत होती. मोठे दीर जिन्यावरून उतरले. मागच्या चौकात ठेवलेली स्कूटर त्यांना रस्त्यावर काढायची होती, गल्लीतून ती निघत नाही म्हणून मावशीच्या खोलीतून, आणि मशीन वाटेत येत होतं.

"जरा मशीन सरकव," ते म्हणाले.

मावशीने वर पाहिलं. "हुकूम आहे, भावोजी. सरकवता येत नाही."

 मग स्कूटर तिरकी करून, आरसा मिटून, भिंतीला घासत त्यांनी ती बाहेर काढली.